ईदीचा दिवा आणि हलतं पाणी

चिपळूणहून आपाचा फोन आला, तो सलाम-दुआ नीट होण्याआधीच तक्रारीवर आला. "तुमच्या भाच्याला तुम्हीच समजवा. दोन वर्षांची ईदी जमवली होती, ती सगळी एका दिव्यावर घालायला निघालाय. दुकानदार म्हणतो, दिवा भारी घेतला की बाकी सगळं आपोआप जमतं." मागून भाच्याचा आवाज ऐकू येत होता, "मामूंनाच विचार ना, त्यांच्याकडे पण तसाच दिवा आहे."

आहे खरा. म्हणूनच हे लिहायला बसलो.

मे महिन्याच्या सुटीत हा मुलगा आमच्याकडे रत्नागिरीला आठ दिवस होता. झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय त्याने दोनदा पाहिलं आणि उरलेला वेळ आमच्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर काढला. परत गेला तो वेड घेऊनच. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी त्याने करूनही घेतली आहे. आता तिच्यात माशांबरोबर प्रवाळ, म्हणजे आपलं पोवळं, आपण ज्याला मर्जान म्हणतो ते, वाढवायचं आहे. मागे आम्ही या सदरात गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल लिहिलं होतं, तेव्हाही काही घरांतून खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारणा झाली होती. तेव्हा भाच्याला द्यायचं उत्तर सगळ्यांनाच देतो.

दिव्याच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करू. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या घरांतून मालवणला किंवा आणखी कुठे फिरायला गेलं की मुलं पांढरा खडबडीत दगड उचलून आणतात. तो प्रवाळाचा सांगाडा असतो. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. आणि नुसत्या अभयारण्याचाच प्रश्न नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि बासरीच्या नळ्यांसारखं दिसणारं लाल प्रवाळ यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, बसवलं आहे. दुकानात 'जिवंत दगड' म्हणून विकतात तोही बहुतेक वेळा प्रवाळाचाच तुकडा असतो. आमच्या टाकीत भट्टीत भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड आहेत आणि दगडी प्रवाळ एकही नाही. जे आहेत ते मऊ जातीचे. छत्रीसारखं लेदर, चकतीसारखं मशरूम आणि हिरव्या गवतासारखं पसरणारं स्टार पॉलिप. तेही दुसऱ्या एका शौकिनाच्या टाकीत वाढलेल्या झुडपाचे तुकडे आहेत, समुद्रातून काढलेले नाहीत. तरीही घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या आणि पावतीशिवाय काहीही घेऊ नका. दुकानदाराच्या 'काही होत नाही'वर भरवसा ठेवून पोराच्या नावावर गुन्हा ओढवून घेण्याइतका हा शौक मोठा नाही.

(बटणासारखी रंगीत दिसणारी झोआ नावाची जात मुलांना फार आवडते. तिच्यातल्या काही प्रकारांत अतिशय जहाल विष असतं. ती चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, ब्रशने घासू नका आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नका. घरात लहान मुलं आहेत म्हणून आम्ही ती ठेवलेलीच नाही.)

आता दिवा. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. काही प्रवाळांची रोजची जवळजवळ 90 टक्के शिदोरी अशी उजेडातून येते. म्हणून दिवा हवाच, यात वाद नाही. मात्र किती हवा, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही, आणि आमची पहिली टाकी बुडाली ती इथेच.

समुद्राच्या पाण्यात तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोचतो. प्रवाळातलं शेवाळ निळ्या उजेडावर उत्तम चालतं, म्हणून या दिव्यांत निळे एलईडी भरपूर असतात. पण माणसाचा डोळा निळ्याला फार कमी जोखतो. पांढरा लावला की खोली लख्ख दिसते, निळा लावला की आपल्याला वाटतं, अंधारच आहे. आम्हाला तसंच वाटलं. पहिल्याच दिवशी निळा शंभर टक्क्यांवर नेला, वर पांढराही जोडला, आणि पाहुण्यांना दाखवायला रात्री अकरापर्यंत चालू ठेवला. चार दिवसांत मशरूम आक्रसून रुपयाएवढे झाले. आठवड्यात स्टार पॉलिपचं हिरवं गवत पांढुरकं पडलं. भूक लागली असेल म्हणून आम्ही खाणं वाढवलं! ते खाणं मागच्या कोपऱ्यात साचून कुजू लागलं. दिवा जास्त झाला, हे आमच्या ध्यानातही आलं नाही. कसं येणार? आमच्या डोळ्यांना तो मंद होता.

उजेड मोजायचं एक यंत्र मिळतं. वनस्पतीला उपयोगी पडेल असा उजेड किती पोचतो ते ते सांगतं, आणि त्या मापाला पार म्हणतात. दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा 2000 च्या आसपास जातो. मऊ प्रवाळाला टाकीत 50 ते 150 पुरतो. मशरूमला तर 50 म्हणजे चैन आहे. दगडी प्रवाळातल्या फांद्यांच्या जातींना 200 ते 350 लागतो, आणि दुकानातले भारी दिवे त्यांच्यासाठी बनवलेले असतात. आम्ही ते यंत्र एका ओळखीच्या माणसाकडून दोन दिवसांपुरतं मागून आणलं, तेही नुकसान झाल्यावर. वरच्या दगडावर आकडा 260 आला, तळाच्या वाळूवर 110. सगळ्यात नाजूक मशरूम आम्ही वरच्या दगडावर मांडले होते. आज तोच दिवा साधारण निम्म्या ताकदीवर चालतो. वर 120, खाली 50 ते 60. म्हणजे आम्ही दुप्पट ताकदीचे पैसे भरले आणि अर्धा भाग बंद ठेवून वापरतोय. भाच्याने पाहिलेला दिवा तो हाच.

मोबाइलवरची उजेड मोजायची ॲप्स निळ्या दिव्याखाली साफ चुकतात, त्यांच्यावर जाऊ नका. यंत्र मिळालंच नाही तर प्रवाळाकडे पाहायला शिका. अंग चोरून बसला, रंग फिका पडला, तर उजेड जास्त. तपकिरी झाला, देठ उंच ताणून दिव्याकडे मान काढू लागला, तर कमी. कमी उजेडाचा त्रास सावकाश होतो, दुरुस्तीला महिनाभर मिळतो. जास्त उजेडाचा आठवड्यात होतो. म्हणून नवा प्रवाळ आधी तळाशी ठेवायचा, दिवा ठरवलेल्या ताकदीच्या निम्म्यावर ठेवायचा आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत पाच-सहा आठवड्यांत पूर्ण करायचा. घाईने काहीही मिळत नाही.

दिवा रोज आठ-नऊ तास पुरे. आमचा टायमर दुपारी एकला मंद निळ्याने उघडतो, दोनपासून पूर्ण होतो, मगरिबनंतर उतरू लागतो आणि दहाला बंद. दुपारी उशिरा सुरू करण्याचं कारण सरळ आहे, घरातली माणसं टाकीसमोर बसतात ती अस्रनंतर. गेल्या रमजानात सहरीला उठलेली मुलं गंमत म्हणून दिवा लावायची. चार दिवसांत लेदर तोंड मिटून बसलं. त्याला रात्र हवी असते, हे मुलांना सांगितल्यावर त्यांनी स्वतःच बटणावर चिकटपट्टी लावली.

आणखी थोडं खर्चाचं. जुने हॅलाइडचे दिवे कोणी स्वस्तात देत असेल तर आपल्या हवेत घेऊ नका. ते पाणी तापवतात आणि कोकणातल्या मे महिन्यात टाकी 26-27 अंशांवर ठेवणं तसंही कठीण असतं. ट्यूबवाले टी-5 दिवे सावली न पाडता छान उजेड देतात, पण त्यांच्या नळ्या वर्षाच्या आत उतरतात, बदलाव्या लागतात. मऊ प्रवाळासाठी मध्यम ताकदीचा, निळा-पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा एलईडी भरपूर झाला. तो एकाच ठिकाणी झोत टाकणारा नसावा. तीन फुटांच्या टाकीला एका मोठ्या डब्यापेक्षा दोन लहान दिवे बरे, कारण कोपरे अंधारात राहत नाहीत. शंभर वॉटचा दिवा नऊ तास चालला तर महिन्याला 27 युनिट होतात, तेही हिशेबात धरा. काचेवर मिठाचा थर बसतो, तो दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसायचा. नाहीतर पैसे देऊन आणलेला उजेड मिठातच अडकतो.

दुकानदाराने भाच्याला दिव्याबद्दल इतकं सांगितलं, पण पाणी कसं हलवायचं याबद्दल एक शब्दही काढला नाही. आमच्या मते पहिला पैसा तिथे जायला हवा.

मासा पोहून आपलं खाणं शोधतो. प्रवाळ एका जागी बसलेला असतो. त्याच्यापर्यंत प्राणवायू, खाणं जे काही पोचायचं ते पाण्याने आणून द्यायचं आणि त्याची घाण पाण्यानेच न्यायची. पाणी थांबलं की त्याच्या कातडीलगत शिळ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यात तो गुदमरतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. भर उजेडात प्रवाळातलं शेवाळ इतका प्राणवायू बनवतं की तोच त्याच्या पेशींना जाळू लागतो. पाणी जोरात हलत असेल तर तो जादा प्राणवायू वाहून जातो. त्यामुळे तोच उजेड वाहत्या पाण्यात सोसतो आणि साचलेल्या पाण्यात भाजतो. आमची स्टार पॉलिप पांढरी पडली ती दिव्याने खरी, पण नेमकी मागच्या कोपऱ्यातली आधी पडली. तो कोपरा दिव्यापासून सगळ्यात लांब होता, आणि पाणी तिथेच मेलेलं होतं.

हिशेब असा करतात. टाकीतलं सगळं पाणी तासाला किती वेळा फिरतं? भाच्याच्या टाकीत काठोकाठ 190 लिटर मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 150 धरा. मऊ प्रवाळाला 20 ते 25 पट प्रवाह लागतो, म्हणजे तासाला साधारण 3000 ते 3700 लिटर. दगडी फांद्यांच्या जातींना 40 पट आणि वर. गाळणीकडून येणारा पंप यातला थोडासाच भाग देतो. बाकीचं काम वेव्हमेकरचं, काचेला चुंबकाने चिकटणाऱ्या त्या छोट्या पंख्याचं. दुकानात यासाठी 4000 लिटरचा एक पंखा देतील. आम्ही 3000 चे दोन घ्यायला सांगू. एकच मोठा पंखा एका बाजूने सतत मारा करतो. त्याच्या समोरचा प्रवाळ दिवसभर वाऱ्यात सापडलेल्या छत्रीसारखा उलटा होतो, वाळू उडून खड्डे पडतात आणि पलीकडचा कोपरा तसाच कुजतो. समुद्राचं पाणी येतं आणि जातं. म्हणून दोन पंखे समोरासमोरच्या बाजूंना लावायचे, तोंडं किंचित वर, पृष्ठभागाकडे, आणि आळीपाळीने जोर बदलत चालवायचे. दोन प्रवाह मध्यावर एकमेकांवर आदळून पाणी सैरभैर झालं की बसवणं बरोबर आहे.

तपासायला यंत्र लागत नाही. खाण्याची चिमूट टाका आणि पाहत बसा. कण कुठे फिरतात, कुठे खाली बसून राहतात ते दोन मिनिटांत दिसतं. जिथे बसले तिकडे पंख्याचं तोंड थोडं वळवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. प्रवाळाची बोटं सगळ्या दिशांना डुलत असतील तर ठीक. एकाच दिशेला सपाट झोपली असतील तर जोर जास्त. आमच्याकडे हे काम मुमानींनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, तीन आठवडे रोज संध्याकाळी केलं. भाताच्या अंदाजाइतकाच पंख्याचाही अंदाज आता त्यांचा आहे, आम्ही हात लावत नाही.

लेदर दर काही आठवड्यांनी तोंड मिटून घेतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं. पहिल्यांदा आम्हाला ते मेलं असंच वाटलं. ते कात टाकत असतं. पाण्याचा झोत लागला की पापुद्रा निघून जातो आणि आठवड्याभरात ते आधीपेक्षा टवटवीत उघडतं. झोत नसेल तर पापुद्र्यावर शेवाळ चढतं आणि खालचं अंग सडू लागतं.

पंख्यांवरही चुन्याचा आणि शेवाळाचा थर बसतो आणि जोर नकळत निम्म्यावर येतो. दोन-तीन महिन्यांनी पंखा काढून पाण्यात सिरका घालून तासभर भिजवायचा, मऊ ब्रशने पुसायचा, स्वच्छ धुऊन परत लावायचा. खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा टाकीची जोडणी ईएलसीबीवरच घ्या. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. हात घालण्याआधी बटण बंद. हे आम्ही मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं आहे.

आता त्या रात्रीचं सांगतो, कारण आमच्या भाच्याने हे ऐकायलाच हवं. जुलैचा पाऊस होता, रात्री साडेअकराला वीज गेली. कोकणात पावसाळ्यात त्यात नवल ते काय? इन्व्हर्टरवर पंखे आणि दोन दिवे होते, टाकी नव्हती. आम्ही झोपलो. दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं, पण रात्री प्रवाळ, मासे, दगडांतले जिवाणू सगळे तो फक्त खातात. पहाटेपर्यंत पाण्यातला साठा सगळ्यात खाली येतो, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी असतो. पृष्ठभाग हलत असला की हवेतून भर पडत राहते. पंखे थांबले की तीही बंद. फज्रला उठलो तेव्हा वीज आलेली नव्हती. दोन्ही जोकर मासे तळाशी पडले होते. निळा डॅमसेल पृष्ठभागावर तोंड काढून होता, तोही दुपारपर्यंत गेला. धाकट्या मुलीने त्यांना नावं ठेवली होती. ती शाळेत गेली नाही आणि आम्ही तिला पाठवलंही नाही.

दिवा बंद पडला तर प्रवाळ दोन-तीन दिवस सहज काढतो, समुद्रातही ढगाळ दिवस येतातच. पाणी थांबलं तर काही तासांचा खेळ. म्हणून इन्व्हर्टरवर टाकीचा एक तरी वेव्हमेकर हवाच. तो दहा वॉट खातो, दोन असले तरी वीस. घरातल्या साध्या 150 अँपिअरच्या बॅटरीवर रात्र सहज निघते. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मिळतो, वीज गेली की आपोआप सुरू होतो. तो दिव्याच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि खाणं टाकताना दहा मिनिटं पंखे बंद ठेवणारे लोक असतात, आम्हीही त्यांतले. पण परत लावायला विसरण्याची भीती असते. दहा मिनिटांनी स्वतः सुरू होणारा पंखा मिळत असेल तर तोच घ्या.

तेव्हा भाच्याला आम्ही फोनवर असं सांगितलं. ईदीतून आधी दोन वेव्हमेकर, मग पंखे इन्व्हर्टरवर आणायचं तारेचं काम आणि ईएलसीबी, मग हवेचा पंप. उरलेल्या पैशांत मध्यम दिवा येतो का पाहा, नाही आला तर थांब. टाकीतलं पाणी पिकायला तसेही सहा-आठ आठवडे लागणार आहेत, तोवर दिव्याची गरजच नाही. उलट त्या काळात दिवा लावलास तर शेवाळच माजेल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामू, पंखे लावल्यावर दिसायला काय दिसणार?" आम्ही म्हटलं, "काही नाही. नुसतं पाणी हलताना दिसेल." आपाला फोन दिला तेव्हा ती हसत होती. काल संध्याकाळी त्याचा व्हिडिओ आला. रिकाम्या टाकीत दोन पंखे, तळाला मातीचे दगड, आणि त्याच्या बहिणीने वरून सोडलेली तुळशीची पानं गोल गोल फिरताहेत. मागच्या उजव्या कोपऱ्यात दोन पानं अडकून बसली आहेत. तो पंखा त्याला थोडा डावीकडे वळवायला सांगितला आहे.